क्लॅम्पपासून दोन बोटं

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सगळं बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. उद्या कोणी म्हणायला नको, की हा मागाहून रंगवून सांगतोय.

इंजिनाचं सतरा नंबरचं पातं होतं. बुंधा क्लॅम्पमध्ये आवळला, कांडी टेकवली, बटण दाबलं — आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बुंध्याच्या डाव्या अंगाला एक पांढरा ठिपका उमटला. मोहरीएवढा. श्वासभर राहिला, मग पसरत पसरत विझला.

मास्तरांनी चष्मा वर केला, बघितलं, खाली केला. "क्लॅम्पची उष्णता. पुढचं लाव."

मी पुढचं लावलं नाही. तेच पुन्हा लावलं. पुन्हा ठिपका. तिथेच!

"ए ठिणगी, पुढचं लाव म्हटलं ना?"

लावलं. काय करणार? पण सतरा नंबर मी ट्रेमध्ये परत ठेवलेलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, फडक्यात गुंडाळून. ट्रेमधली जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे खडूचा तुकडा ठेवून दिलाय.

बुधवार, ५ मार्च

जेवताना ताई म्हणाली, "घास हातात धरून बसलायस. कोण गेलं?" काही नाही म्हटलं.

तिला मागे एकदा कामाचं समजावलं होतं. तळहात एकमेकांवर घास, गरम होतात ना? तसंच. पात्याला केसाहून बारीक चीर गेली असेल आणि त्याला जोरात थरथरवलं, तर चिरेचे दोन काठ एकमेकांवर घासतात. तेवढीच जागा तापते. डोळ्यांना दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्याला दिसतं. आमची कांडी सेकंदाला वीस हजार वेळा थरथरते. ताई ऐकून म्हणाली होती, "म्हणजे दिवसभर तू लोखंडाला गुदगुल्या करायच्या आणि ते कुठे हसतं ते बघायचं!" भाऊजी अजून मला 'काय, हसलं का आज?' असं विचारतात. पण खरं सांगायचं तर याहून नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

आता घोळ असा आहे, की क्लॅम्पचे जबडेसुद्धा पात्यावर घासतात. तेही तापतात. म्हणून मास्तरांचा नियम — क्लॅम्पपासून दोन बोटं सोडून बघायचं. नुसतं बोलायचं म्हणून नाही हां. ते खरोखर पडद्यावर दोन बोटं आडवी ठेवतात आणि त्यांच्या वरचं तेवढं बघतात. पडद्यावर त्या जागी कायमचा डाग पडलाय. मी आलो तेव्हा वाटलं, पडदाच खराब आहे.

आणि पातं मोडतं कुठे? बुंध्याशी! सगळा ताण तिथे. आणि आम्ही नेमकं तिथेच बघायचं नाही!

आज मास्तरांना म्हटलं, क्लॅम्पची उष्णता धुरकट असते, दोन्ही अंगांना सारखी असते, जरा उशिरा येते. हा ठिपका एकटा होता, एकाच बाजूला होता, आणि बटण दाबताच आला.

"तुला इथे किती महिने झाले?"

"आठ."

"मला अकरा वर्षं. आणि सही कोणाची असते?"

सही त्यांची असते. माझ्याकडे ते प्रमाणपत्र नाही, आणि ते मिळायला कॉलेज पुरं केलेलं लागतं. मी दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो तो पडलोच. जर्नल टेबलावर आपटलं असं मी सांगतो. खरं म्हणजे ते सरांच्या खांद्याला लागलं होतं.

वर मास्तर म्हणतात कसे, "नाक विसरलास वाटतं?"

नाही विसरलो. पहिल्याच आठवड्यात मी 'क्रॅक! क्रॅक!' म्हणून सगळा कारखाना गोळा केला होता. पातं आरशासारखं चकचकीत होतं, त्यावर काळा रंग मारायचा विसरलो होतो, आणि वाकून बघत होतो. कॅमेऱ्याला माझ्याच तोंडाची ऊब त्यात दिसली. मास्तर म्हणाले होते, "चीर नाही रे बाबा, तुझं नाक आहे ते!"

पण या वेळी रंग मारलेला होता. दोन हात! आणि मी वाकलो नव्हतो.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी सव्वासहाला वर पावलं वाजली. म्हणजे तिची सकाळची ड्यूटी. बास, आज एवढंच.

शुक्रवार, ७ मार्च

बास म्हणून बास होत नाही.

दुपारी हेलिकॉप्टर कारखान्यावरून गेलं. मी बाहेर पळालो. मास्तर मागून ओरडले, "पडलं नाही ना? मग ये आत!" त्यांना काय सांगू, की त्यात कोण होतं.

ती नर्स आहे. रस्ते जात नाहीत तिथले आजारी लोक उचलून आणणारी सहा हेलिकॉप्टरं आहेत, त्यातल्या दोन नंबरवर ती असते. राहते आमच्याच जिन्यावर, ताईच्या डोक्यावरच्या खोलीत. त्या सहाही हेलिकॉप्टरांच्या इंजिनांची पाती दुरुस्तीच्या वेळी आमच्याकडे तपासायला येतात. म्हणजे ती ज्याच्या जिवावर वर राहते, ते माझ्या हातांखालून जातं. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिनेच काढून घेतलं.

तारीख १९ ऑगस्ट. ही तारीख मला झोपेतून उठवून विचारावी. सकाळी जिन्यातला बल्ब बदलत होतो, स्टूल डुगडुगत होतं. ती खाली उतरता उतरता थांबली आणि तिने स्टूल धरलं. स्टूल! दोन्ही हातांनी! म्हणाली, "तूच ना रे तो, पाती तपासणारा?" मी म्हटलं, हो. "दोन नंबरची पण?" मी म्हटलं, सगळी. ती हसली. "मग मी निर्धास्त."

मग मी निर्धास्त. सहा महिने मी त्या तीन शब्दांवर काढले. त्या दिवशी कामावर पोचलो तो तरंगतच. अख्खा ट्रे दुपारपर्यंत उरकला. मास्तर म्हणाले, "आज भलताच हात सुटलाय तुझा!"

त्यानंतर ती माझ्याशी एकूण सहा वेळा बोललीये. त्यातलं एकदा 'सरक जरा' होतं, तेही धरलंय.

तिचा वैमानिक तिला कधीकधी गाडीतून सोडतो. त्याला दात फार आहेत. हसतो तेव्हा सगळे एकदम दाखवतो.

शनिवार, ८ मार्च

सापडलं! आंघोळीला बसलो होतो, तसाच उठलो.

क्लॅम्प सरकवायचा! ठिपका क्लॅम्पबरोबर गेला, तर तो क्लॅम्पचा. क्लॅम्प दुसरीकडे गेला तरी ठिपका होता तिथेच राहिला, तर तो पात्याचा. इतकं सोपं! अकरा वर्षांत कोणी का केलं नाही? कारण क्लॅम्प बुंध्याच्याच मापाचा आहे. पातं मधे पकडायला जबडाच नाही आमच्याकडे.

मग जबडा बनवायचा. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. कागदावर काढून दाखवलं. काका कागद उलटासुलटा करत म्हणाले, "हे कोणी काढलं, कोंबडीने?" मग स्वतःच पेन्सिल घेऊन बसले. "पात्याला बाक आहे. जबड्याला तोच बाक द्यावा लागेल, नाहीतर तुझा जबडाच जागोजागी घासेल आणि तापेल. मग बस ठिपके मोजत."

बरोबर होतं. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"घाई कसली एवढी? कोणासाठी?"

मी लेथखालचा कीस पायाने गोळा करत राहिलो. काका म्हणाले, "असं होय. सोमवारी ये."

सोमवार, १० मार्च

जबडा झकास झालाय. आतून तांब्याचा पत्रा लावून दिला काकांनी, पात्याला ओरखडा नको म्हणून.

जेवायच्या सुट्टीत मशीन माझं. मास्तर डबा घेऊन समोरच बसले. मुद्दाम. सतरा नंबर ड्रॉवरमधून काढलं तेव्हा त्यांनी एकदा ड्रॉवरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग डबा उघडला.

पातं मधोमध पकडलं. कांडी टेकवली. बटण.

काही नाही.

परत. काही नाही. अख्खं पातं काळंकुट्ट. जबड्याशी थोडा धूर, बाकी शांत. दहा वेळा केलं. मास्तरांनी डबा बंद केला, हात पुसले, म्हणाले, "झालं समाधान? क्लॅम्प गेला, ठिपका गेला. तुझाच नियम."

माझाच नियम. माझ्याच तोंडाने सांगितलेला. मी पान्हा फेकला. भिंतीवर. भिंतीचा पोपडा पडला, तो मास्तरांनीच झाडून काढला.

मंगळवार, ११ मार्च

कामावर गेलो नाही. ताई दारात उभी राहून म्हणाली, "कॉलेजच्या वेळी पण असाच भिंतीकडे तोंड करून पडला होतास. तीन दिवस. चौथ्या दिवशी म्हणालास, सोडलं. आज पहिलाच दिवस आहे. मी मोजतेय."

बुधवार, १२ मार्च

गेलो.

रात्रीतून नाही, सकाळी दात घासताना आठवलं. कॉलेजात सरांनी पत्र्यावर वाळू टाकून पत्रा थरथरवून दाखवला होता. वाळू नाचते आणि जिथे पत्रा थरथरत नाही तिथे जाऊन गप्प बसते. थरथरणाऱ्या प्रत्येक वस्तूत अशा गप्प जागा असतात. कुठे पकडता त्यावर त्या जागा बदलतात. तेव्हा मी मागच्या बाकावर चकाट्या पिटत होतो. तरी डोक्यात राहिलं कसं काय? सर तेच — जर्नलवाले.

ताईची पावडरची डबी उचलली. पातं परवासारखंच मधोमध पकडलं, वर पावडर भुरभुरली, कांडी लावली. पावडर सरकत सरकत दोन रेघांत जमा झाली. आणि एक रेघ बरोबर डाव्या अंगाला, ठिपक्याच्या जागेवर!

म्हणजे परवा मी पातं असं धरलं होतं, की चीर नेमकी गप्प जागेत बसली. थरथरलीच नाही तर घासणार कशी? घासली नाही तर तापणार कशी?

जबडा अर्धं बोट वर घेतला. पावडरची रेघ सरकली. पावडर पुसून टाकली. बटण दाबलं.

ठिपका!!

क्लॅम्प चार बोटं लांब, आणि ठिपका होता तिथेच. डावं अंग. मोहरीएवढा.

मी ओरडलो असणार. शेजारच्या गाळ्यातून काका आले. मास्तर आले, दोन बोटं पडद्याशी नेली आणि तशीच हवेत ठेवली. ठेवायला जागाच नव्हती.

गुरुवार, १३ मार्च

खडू पकडला गेला.

गिऱ्हाइकाचा माणूस ट्रे घ्यायला आला. मोजतो तर एकोणचाळीस पाती आणि एक खडू. बाईंनी आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. बाई म्हणजे आमच्या मालकीण. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"हेलिकॉप्टरला खडू बसवणार होतात?"

मी सगळं सांगितलं. ठिपका, जबडा, पावडर. मास्तर म्हणाले, "शक्यता आहे. पण जबड्याचा दाब, तांब्याचा पत्रा — खात्री देता येत नाही." ते शांतपणे बोलत होते. ते शांतपणे बोलत होते म्हणूनच माझं डोकं फिरलं.

काय काय बोललो ते लिहितो. लिहायलाच हवं. म्हणालो, अकरा वर्षं तुम्ही बोटं ठेवून डोळे झाकलेत. म्हणालो, तुमच्या या दोन बोटांनी माणसं मरतील. म्हणालो, सही तुमची आहे ना? मग मेलेल्यांच्या घरी तीच सही घेऊन जा. दार उघडं होतं. बाहेर गिऱ्हाइकाचा माणूस, काका, पॅकिंगवाल्या दोघी, सगळे ऐकत होते.

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

बाई म्हणाल्या, "ओरडून चीर पडत नाही, आणि ओरडून बुजतही नाही. पातं कापा."

कापलं की पातं गेलं. चीर नसेल तर मीही गेलो. तिघांनाही ते माहीत होतं. "कापा," मी म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

कापलं. घासलं. भिंगाखाली ठेवलं. आधी बाई वाकल्या, मग मास्तर, मग मी.

चीर आहे. अर्ध्या नखाएवढी, आत वाकडी गेलेली.

बाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या जबड्यातून सगळा लॉट परत काढ." मला वाटलं होतं, नाचेन. चहा सांडला.

शनिवार, १५ मार्च

उरलेली एकोणचाळीस पाती चोख निघाली. एकाही पात्यावर ठिपका नाही.

मास्तर आज स्वतःहून बोलले. जबडा हातात घेऊन फिरवून बघत होते. "पहिल्या वर्षी मी एकवीस पाती भंगारात काढली. सगळ्यांना बुंध्याशी गरम दिसत होतं. कापून बघितली तर एकवीसच्या एकवीस चांगली. नुसता क्लॅम्प! गिऱ्हाईक सोडून चाललं होतं. तेव्हापासून दोन बोटं." मग जबडा ठेवून म्हणाले, "हा बाक कोणी काढला?"

"काकांनी."

"वाटलंच. तुझ्या हाताचं हे काम नाही."

हसायला हवं होतं. मी हसलो नाही. माफीही मागितली नाही. का मागावी? मी बरोबर होतो!

रविवार, १६ मार्च

एक गोष्ट कालपासून डोक्यात घोंघावतेय. हा लॉट झाला. पण याआधीचे? दोन बोटं अकरा वर्षं पडद्यावर होती. त्यांच्याखालून किती ठिपके निघून गेले असतील? ती पाती आता कुठे आहेत ते सांगायला नकोच. वर आहेत.

जिन्यात ती भेटली. हातात भाजी. म्हणाली, "काय रे, आठ दिवस दिसला नाहीस? चेहरा उतरलाय." सातवी वेळ.

विचारलं, "पुढची ड्यूटी कधी?"

"गुरुवारी. नऊला पहिलं उड्डाण. का?"

"दोन नंबरवर?"

"तुझ्या लाडक्या दोन नंबरवर." आणि हसत वर गेली.

दातवाल्याचं काहीतरी विचारणार होतो. त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

सोमवार, १७ मार्च

बाई माझ्याआधीच तिथवर पोचल्या होत्या. म्हणाल्या, "मागच्या एका वर्षाची चित्रं काढ. त्याच्या आधीची पाती इंजिनातून बदलून गेलेली आहेत. एकेक चित्र बघायचं. बोटं न ठेवता. सापडलं तर आधी मला."

प्रत्येक पात्याचं चित्र कॉम्प्युटरवर जपलेलं असतं. त्यावर फक्त पात्याचा नंबर. कोणत्या इंजिनात गेलं, कोणी तपासलं, काय शेरा मारला, ते कार्डावर. कार्डं मास्तरांच्या कपाटात, कुलपात.

आज तीनशे दहा बघितली. काही नाही. पडदा ओल्या फडक्याने पुसला. अकरा वर्षांचा डाग, सहजी गेला नाही.

मंगळवार, १८ मार्च

चारशे पंचवीस. डोळे चुरचुरतात. ताईने काकडीचे काप ठेवले डोळ्यांवर. भाऊजी म्हणाले, "हसलं का?" मग माझं तोंड बघून आत निघून गेले.

बुधवार, १९ मार्च

हसलं.

संध्याकाळी साडेपाच. बुंध्याच्या डाव्या अंगाला, मोहरीएवढा. सतराच्या ठिपक्याशेजारी ठेवून बघितला, जुळे भाऊ दिसतात. धुरकट नाही, उशिरा नाही. आंधळ्यालाही दिसावा असा!

बाईंकडे धावलो. त्यांनी तिथल्या तिथे हेलिकॉप्टरवाल्यांच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, काळोख पडल्यावर आमची उड्डाणं नसतातच, उद्याचं पहिलं नऊला. पण कोणतं इंजिन ते सांगा; एका ठिपक्यासाठी सहाच्या सहा बसवून ठेवली तर आजाऱ्यांना आणणार कोण? इंजिनचा नंबर कार्डावर, कार्ड कपाटात, किल्ली मास्तरांकडे, आणि मास्तर गावाबाहेर मुलीकडे गेलेले. फोनवर म्हणाले, सकाळी सातला कपाट उघडतो.

बाई म्हणाल्या, "साडेसातला नंबर त्यांच्याकडे जाईल. नाही गेला तर नऊला एकही उडणार नाही, ते मी बघते."

ठीक. सात तर सात. मीही तिथे असणार. ते कार्ड मला मास्तरांच्या हातातून घ्यायचंय. त्यावरचा शेरा त्यांनी मला वाचून दाखवावा, त्यांच्याच तोंडाने. इतका धडधडीत ठिपका, आणि बोटं ठेवून पुढचं लाव! गुरुवारी मी बोललो ते जास्त झालं असं ताई म्हणते. उद्या कळेल, जास्त झालं की कमी पडलं.

गुरुवार, २० मार्च. सकाळी आठला पाच कमी

मास्तर सातच्या आधीच आलेले होते. बाईंचा फोन होऊन गेला होता. इंजिन दोन नंबरचं. हेलिकॉप्टर शेडमधून बाहेर काढणार नाहीत. ती आज उडत नाही.

कार्ड टेबलावर पालथं ठेवलेलं होतं. मास्तर वाचून दाखवेनात. म्हणाले, "तूच वाच."

१९ ऑगस्ट. शेरा: क्लॅम्पची उष्णता, ठीक आहे. खाली मास्तरांची सही. वरचं अक्षर माझं.

मास्तर कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "सही माझी आहे. शेरा कोणाचा, ते कोणी विचारत नाही. कार्ड घेऊन त्यांच्याकडे मी जातो. तू मशीन लाव."

सगळ्यांसमोर मी ज्यांना तसं बोललो, ते हे म्हणाले.

"कार्ड द्या," मी म्हटलं. मग गुरुवारच्या बोलण्याची माफी मागितली. दार उघडं ठेवून, पॅकिंगवाल्या दोघींना ऐकू जाईल अशी.

घरी आलो तो फक्त शर्ट बदलायला. याच वहीत मागे जाऊन ते पान काढलं. दीड पान नुसतं स्टूल. शेवटी एक ओळ: आज पाती कशी उरकली कळलंच नाही!!

ती तिथे शेडच्या दारात बॅग घेऊन बसलेली असेल, आज का उडत नाही म्हणून विचारत. तिला कोणीतरी सांगायला हवं. कार्ड खिशात आहे. निघालो. दार ओढून घेतो.